ऑफिसचा मल्टीलाईन फोन नि आन्सरिंग मशीन बिघडलंय? वायरी उपटायच्या आधीची तयारी

फोन बंद पडला की ऑफिसात पहिली घाई असते ती सगळ्या वायरी उपटून परत लावायची, आणि तिथेच काम अवघड होऊन बसतं, कारण कुठली वायर कुठे होती हे मग कोणालाच आठवत नाही. म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढा, सेटच्या मागचे, भिंतीवरच्या सॉकेटचे, मशीनच्या मागचेही, आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून लाईन १, लाईन २ असं पेनाने लिहून ठेवा.

त्याच्याही आधी एक काम, मशीनमधले मेसेज ऐकून नाव, नंबर, वेळ कागदावर उतरवून घ्या. काही मशीन प्लग काढला तरी मेसेज सांभाळतात, काहींचे बॅकअपची बॅटरी संपलेली असली की गेलेच समजा. फोन करणाऱ्याला वाटतं मी निरोप ठेवलाय आणि इकडे तो कोणी ऐकलेलाच नसतो, हे होऊ देऊ नका, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आता जमवायचं सामान. सगळ्यात कामाचा म्हणजे एक साधा, एका लाईनचा, वायरवाला, अ‍ॅडॉप्टर न लागणारा फोन, जो चालतोय याची खात्री आहे असा. त्याच्याशिवाय बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. मग दोन-तीन नव्या लाईन कॉर्ड, हँडसेटची एक जादा गुंडाळीवाली कॉर्ड, मशीनला लागत असेल तर नवी बॅटरी, सेटचं मॅन्युअल, बाहेरून कॉल लावायला मोबाईल आणि शक्यतो दुसरं एक माणूस, कारण एकाने कॉल लावायचा नि दुसऱ्याने कुठला दिवा लुकलुकतो ते बघायचं असं केलं की काम पटकन होतं.

तक्रारसुद्धा नीट लिहून घ्या. "फोन चालत नाही" याचा काही उपयोग नाही. कुठल्या सेटवर, कुठल्या लाईनवर, कॉल येत नाही का जात नाही, टोनच नाही का टोन आहे पण खरखर आहे, पाऊस पडला की होतं का, एवढं विचारा. एकच लाईन सगळ्या सेटवर बंद असेल तर गडबड लाईनमध्ये किंवा वायरिंगमध्ये, आणि एकाच सेटवर सगळ्या लाईन बंद असतील तर तो सेट, त्याची कॉर्ड नाहीतर अ‍ॅडॉप्टर. एवढ्यावरूनच दिशा कळते.

मग तो साधा फोन घेऊन लाईन इमारतीत जिथे येते तिथल्या पहिल्या सॉकेटला लावा, आतलं वायरिंग तिथे सोडवता येत असेल तर सोडवूनच. तिथेच टोन नसेल तर कंपनीकडे तक्रार करा, आत खुडबुड करत बसू नका. तिथे टोन आहे पण टेबलावर नाही, तर आधी त्या लाईनवरचं सगळं काढा, सेट, मशीन, फॅक्स, सगळं, आणि एकेक करून परत लावा, कारण एकच शॉर्ट झालेला सेट अख्खी लाईन अडवून धरतो आणि मग सगळे सेट खराब वाटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने सुरू झालं ते कळणार नाही.

लाईन १ चालते पण लाईन २ मेलेली, ही तक्रार फार येते, आणि पुष्कळदा त्यात बिघाड असा नसतोच. दोन लाईन एकाच कॉर्डमधून येतात तेव्हा प्लगमधल्या मधल्या दोन पिनांवर पहिली लाईन आणि त्यांच्या बाहेरच्या दोनवर दुसरी असते. कोणीतरी कॉर्ड बदलताना दोन तारांचीच लावलेली असते, प्लग बाहेरून अगदी सारखाच दिसतो ना! प्लग उजेडासमोर धरा आणि पितळी रेघा मोजा, दोनच दिसल्या तर लाईन २ येणार कुठून. चार लाईनच्या सेटला बहुतेक दोन सॉकेट असतात, १-२ चं आणि ३-४ चं, तिथे अदलाबदल झालीय का तेही बघा.

खरखर असेल तर हँडसेट कानाला लावून कॉर्ड प्लगपाशी हलवा, आवाज तुटला-जोडला तर कॉर्ड बदला, संपलं. त्या लाईनवर डीएसएल इंटरनेट असेल तर प्रत्येक सेटला, मशीनलाही फिल्टर हवा. रिंग वाजत नसेल तर रिंगर आणि डू नॉट डिस्टर्ब बघून घ्या.

अ‍ॅडॉप्टर बदलताना मात्र जपून. पिन बसते म्हणून कुठलाही लावू नका, व्होल्टेज, मिलिअ‍ॅम्पिअर आणि पोलॅरिटी (पिनच्या आत प्लस की मायनस ते) लेबलवर वाचा, काहींचं आउटपुट डीसी असतं काहींचं एसी. आणि उघड्या तारांना हात नको, साध्या लाईनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतोच पण रिंग आली की ७५ ते ९० व्होल्टपर्यंत एसी येतो, चांगला झटका बसतो. विजा कडाडत असतील तर काम उद्यावर ढकला. ऑफिसात डिजिटल पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं आतलं एक्सचेंज, असेल तर त्याच्या सॉकेटला तो साधा फोन लावू नका, चालणार नाहीच, वर काहीतरी खराब व्हायचं.

मशीनचं म्हणाल तर तीन गोष्टी. कॉल उचलतच नसेल तर मेमरी भरलीय का बघा, आणि लाईनवर कंपनीची व्हॉइसमेल चालू आहे का तेही, ती कमी रिंगला उचलत असेल तर मशीनची पाळी येतच नाही, मग मशीनवरची रिंगची संख्या कमी करा नाहीतर व्हॉइसमेल बंद करून घ्या. काही मशीनमध्ये टोल सेव्हर असतो, नवा मेसेज असला की लवकर उचलतं, नसला की उशिरा, तो बिघाड नव्हे. आणि मेसेजच्या शेवटी नुसती टूंटूं रेकॉर्ड होत असेल तर समोरच्याने फोन ठेवल्यावर लाईनचा करंट क्षणभर तुटायला हवा तो तुटत नाहीये, पीबीएक्सच्या किंवा व्हीओआयपीच्या (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या) लाईनवर हे बरेचदा होतं, तिथे मशीन बदलून उपयोग नाही, त्या बॉक्सची सेटिंग बदलावी लागते.

सगळं परत जोडल्यावर प्रत्येक लाईनवर मोबाईलवरून वेगळा कॉल करा, होल्ड करून दुसऱ्या सेटवर घ्या, एक मेसेज ठेवा, बाहेरून रिमोट कोड दाबून तो ऐका, आणि मशीनवरची तारीख-वेळ लावायला विसरू नका.