जुन्या हार्ड डिस्कवर ईएक्सटी४ टाकताना बॅड ब्लॉक कसे चेक करायचे

लिनक्समध्ये ईएक्सटी४ (डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत, म्हणजे फाइलसिस्टम) चा साधा फॉरमॅट मारला की मिनिटभरात होतो, पण तेवढ्यात डिस्क काही पूर्ण तपासली जात नाही, फाइलसिस्टमचे टेबल लिहिले की काम संपलं. मधला एखादा पट्टा खराब (म्हणजे बॅड ब्लॉक) असेल तर तो कळणार फोटो कॉपी करून झाल्यावर, म्हणून जुनी डिस्क परत वापरात घेताय तर फॉरमॅट करतानाच चेक करून घ्या.

आधी टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारून साइजवरून डिस्क ओळखा, एसडीए की एसडीबी ते दोनदा बघा कारण चुकीच्या डिस्कवर गेलात तर सगळा डेटा गेला. माउंट असेल, म्हणजे सिस्टमला जोडून वापरात असेल, तर अनमाउंट करा. मग फॉरमॅटची कमांड: सुडो, एमकेएफएस डॉट ईएक्सटी४, डॅश सी आणि पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव. हा चेक फक्त वाचून बघतो, १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचत असेल तर पावणेतीन तास धरून चाला.

डॅश सी दोनदा दिला तर मात्र लिहून वाचतो, चार वेगवेगळे पॅटर्न, प्रत्येक आधी लिहायचा मग वाचायचा, म्हणजे आठ फेऱ्या, त्याच डिस्कला बावीस-तेवीस तास. रिकाम्या जुन्या डिस्कला मी हाच करा म्हणेन. कारण सेक्टर (डिस्कचा सगळ्यात छोटा तुकडा) नुसता वाचता येत नसेल तर डिस्क वाट बघत बसते, त्यावर लिहायला गेलं की मगच गरज असेल तर स्वतःकडचा राखीव सेक्टर तिथे लावते. एवढं लिहूनही बॅड ब्लॉक निघतच असतील तर बहुतेक राखीव साठा संपत आलाय, अशा डिस्कवर महत्त्वाचं काही ठेवू नका. एसएसडीला हे करू नका, उगाच झिजते.

बॅडब्लॉक्स कमांड वेगळी चालवून खराब ब्लॉकची यादी एमकेएफएसला डॅश एलने देता येते, पण ती बाय डीफॉल्ट १०२४ बाइटचा ब्लॉक मोजते आणि ईएक्सटी४ चा बहुतेक वेळा ४०९६ चा असतो, आकडे जुळले नाहीत तर चांगले ब्लॉक बाद आणि खराब तसेच राहतात, त्यामुळे डॅश सीच सोपा. सुरुवातीच्या सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टमची मुख्य माहिती असते त्या) जागेतच खराबी निघाली तर फॉरमॅट तिथेच थांबतो, मग पार्टिशन थोडं पुढून सुरू करून बघता येतं, पण मी तरी अशी डिस्क बाजूला ठेवीन.

झाल्यावर डंपई२एफएस डॅश बी मारा, बाद केलेल्या ब्लॉकचे नंबर दिसतील, काहीच आलं नाही तर यादी रिकामी. स्मार्टसीटीएल डॅश ए (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद दाखवते) पण बघा, ५ नंबरचा रीअलोकेटेड (राखीव लावलेला) आणि १९७ चा पेंडिंग (वाट बघणारा) सेक्टर, दोन्हीचे रॉ आकडे लिहून ठेवा आणि महिन्याभराने परत बघा, वाढत असतील तर डेटा लगेच दुसरीकडे हलवा. १९९ चा सीआरसी एरर (डेटा केबलमधून जाताना होणारी चूक) वाढतोय आणि बाकी दोन शून्यच आहेत, तर डिस्कला दोष द्यायच्या आधी केबल बदलून बघा.