क्लबात पैसे टाकायच्या आधी ग्राऊंडचा सातबारा बघा

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या दोन-तीन मराठी घरांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारलाय, की पोरगं ज्या रग्बी लीग (रग्बीचाच उत्तरेकडचा वेगळा प्रकार) क्लबाच्या ज्युनिअर टीममधे खेळतं त्या क्लबाने शेअर काढलेत, २००-५०० पौंड टाकावेत का. माझं उत्तर टाका असंच आहे, पण त्याआधी ही तयारी करा, दोन संध्याकाळचं काम आहे. मी दिवसभर हिशेबाचंच काम करते आणि गेली बारा वर्षं एका सेमी-प्रो क्लबाच्या स्टँडमधे उभी राहते, त्यामुळे मनापासून सांगतेय.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा, हा खेळ पैशाच्या भांडणातूनच जन्मला. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि रग्बी युनियन या तेव्हाच्या मुख्य संघटनेतून बाहेर पडले, कारण खाणीत न् गिरणीत काम करणारी पोरं मॅचसाठी सुट्टी घ्यायची तेव्हा त्यांची मजुरी बुडायची आणि ती भरून द्यायला संघटनेतले वरचे लोक तयार नव्हते. मागणी होती दिवसाला सहा शिलिंगची. आजही सुपर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या, खालचे बहुतेक क्लब तसेच आहेत, पोरं दिवसा नोकरी करतात, आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी ट्रेनिंग आणि रविवारी मॅच. आमचा एक फॉरवर्ड प्लास्टरिंगचं काम करतो, ट्रेनिंगला येतो तेव्हा त्याच्या मनगटापर्यंत पांढरं प्लास्टर वाळलेलं असतं आणि तो तसाच बूट घालून लाइटखाली पळायला लागतो. त्याची मॅच फी महिनाअखेर आली नाही तर त्याच्या घरचा हप्ता अडतो. म्हणून हिशेब बघायचा, कोणावर संशय म्हणून नाही.

आता पहिलं काम, ग्राऊंड कोणाच्या नावावर आहे ते काढा. क्लब कोणाचा हे नंतर. इथे सातबारा नसतो पण लँड रजिस्ट्रीच्या (सरकारी जमीन नोंदणी) साइटवर थोडे पौंड भरून टायटल रजिस्टर डाउनलोड करता येतं, त्यात मालकाचं नाव आणि गहाण-बोजा दोन्ही दिसतं, लीज असेल तर किती वर्षांची तेही. हे पहिलं का, तर या खेळात क्लब बुडतात त्याआधी बहुतेक वेळा जागा हातातून गेलेली असते. लीड्सच्या हन्सलेट क्लबाचं पार्कसाईड ग्राऊंड १९७३ साली विकलं गेलं आणि जुना क्लबच बंद झाला, न्यू हन्सलेट नावाने परत पहिल्यापासून उभा करावा लागला. रॉचडेल हॉर्नेट्सचं अ‍ॅथलेटिक ग्राऊंड १९८८ साली सुपरमार्केटसाठी गेलं आणि त्यांना फुटबॉल क्लबाच्या स्टेडियमवर जावं लागलं. ब्रॅडफर्डचं ऑडसल, जिथे १९५४ साली चॅलेंज कपच्या फायनलच्या रिप्लेला एक लाखावर माणूस जमला होता, त्याची लीज क्लबाने २०१२ मधे पैशाच्या अडचणीत खुद्द आरएफएलला म्हणजे खेळाच्या गव्हर्निंग बॉडीलाच विकली.

माझा स्वतःचा अनुभवही इथलाच आहे. एका क्लबात (नाव घेत नाही) मी पैसे घातले तेव्हा फक्त जर्सी आणि बारमधला उत्साह बघितला, नंतर कळलं की ग्राऊंड एका वेगळ्या कंपनीच्या नावावर आहे आणि ती कंपनी जुन्या चेअरमनच्या घरची. भाडं वाढलं तेव्हा आम्हा सभासदांच्या हातात काहीच नव्हतं. फार लागलं ते मनाला. तेव्हा ग्राऊंड काउन्सिलचं म्हणजे नगरपालिकेचं असेल तर उत्तम, क्लबाचं असेल तर त्यावर कर्ज किती ते बघा, आणि तिसऱ्याच कोणाचं असेल तर लीजचं भाडं कसं वाढणार हे लेखी मागा. ग्राऊंड ‘अ‍ॅसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ (गावाच्या उपयोगाची जागा) म्हणून काउन्सिलकडे नोंदलंय का तेही विचारा, २०११ च्या कायद्याने तशी नोंद असली तर विक्री सहा महिन्यांपर्यंत थोपवता येते आणि तेवढ्यात गावाला पैसे जमवायला वेळ मिळतो.

मग कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदवही. साइटवर बघणं फुकट आहे, क्लबाचं पूर्ण कंपनी नाव टाका, कारण जर्सीवरचं नाव आणि कंपनीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, आणि दोन-दोन कंपन्याही असतात, एक मॅचची आणि एक बारची, तर दोन्ही बघा. पंचवीस टक्क्यांच्या वर ज्याचा हिस्सा आहे त्याचं नाव तिथे असतंच. चार्जेस म्हणून एक टॅब असतो, तिथे कोणाकडे काय तारण ठेवलंय ते कळतं. छोट्या कंपन्या नफा-तोटा दाखवतच नाहीत, नुसता ताळेबंद टाकतात, पण त्यातही ‘एका वर्षाच्या आत द्यायची देणी’ ही ओळ बघा, ती दरवर्षी फुगत चालली असेल तर थांबा. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत अकाउंट्स टाकावे लागतात, तारीख उलटून गेली असेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न. आणि मालकाने क्लबाला कर्ज दिलंय की भांडवल घातलंय यातला फरक नीट समजून घ्या, कर्ज असेल तर तो उद्या परत मागू शकतो. एकट्या माणसाच्या खिशावर क्लब चालला की काय होतं ते कॅनडाच्या टोरोंटो वुल्फपॅक क्लबाने दाखवलं, २०१७ ला तिसऱ्या डिव्हिजनपासून सुरू करून २०२० ला सुपर लीगमधे पोचले आणि त्याच वर्षी जुलैत मोसम अर्धवट सोडून गेले, प्लेयर्सचे पगार थकले ते थकलेच.

टॅक्सचं वेगळं विचारा. पगारातून कापलेला टॅक्स आणि व्हॅट वेळेवर जातोय का, हफ्ते बांधून घेतलेत का. इथले क्लब बहुतेक वेळा एचएमआरसीच्या म्हणजे टॅक्स खात्याच्या थकबाकीवरच अडकतात, आणि क्लब बंद करायचा अर्ज कोर्टात गेला की त्याची नोटीस लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून येते, तिथे नाव शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. ब्रॅडफर्ड बुल्स चार वेळा सुपर लीग जिंकलेला क्लब, तरी २०१७ च्या जानेवारीत लिक्विडेशनमधे गेला म्हणजे कंपनीच गुंडाळली गेली, नव्या कंपनीला मायनस बारा पॉइंट्सवरून मोसम सुरू करावा लागला आणि खाली घसरले ते घसरले, परत सुपर लीगमधे यायला २०२६ उजाडलं.

उत्पन्नाच्या बाबतीत वर्षाचा आकडा पुरत नाही, महिन्याचा मागा. मोसम साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी मॅचच्या तिकिटांचं उत्पन्न शून्य आणि खर्च चालूच. त्या चार महिन्यांत क्लब जगतो तो सीझन तिकिटं आगाऊ विकून, म्हणजे पुढच्या वर्षीचे पैसे या वर्षी खाऊन. बार किती कमावतो, हॉल लग्नाला-बारशाला भाड्याने जातो का, लॉटरीचे किती, लीगकडून वरून येणारे सेंट्रल पैसे किती. हे शेवटचं नीट बघा, २०२२ पासून टीव्हीच्या करारात पैसे घटले आणि खालच्या क्लबांपर्यंत पोचणारा वाटा तर अजूनच आटला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आता सुपर लीगमधे जायचं तर क्लबाला गुण देतात, त्या ग्रेडिंगचे एकूण वीस गुण आहेत, त्यात साडेचार फायनान्सचे, मैदानावरच्या कामगिरीला पाच, म्हणजे हिशेब जवळजवळ मैदानावरच्या खेळाइतकाच मोलाचा झालाय.

खर्चात पगार सोडून इन्शुरन्स, फिजिओ आणि बस बघा. कंब्रियात वर्किंग्टन किंवा व्हाइटहेवनला जायचं तर बसचा खर्च हलका नसतो. बाकी किरकोळ.

शेअर नेमका कसला हे विचारल्याशिवाय सही करू नका. साधा कंपनीचा शेअर असेल तर ज्याचे जास्त शेअर त्याचं चालणार. कम्युनिटी बेनिफिट सोसायटीचा (आपल्या सहकारी संस्थेसारखी सोसायटी) असेल तर एक सभासद एक मत, मग तुम्ही शंभर टाका की दहा हजार. हे आपल्याला नवीन नाही, माझे वडील साखर कारखान्याचे सभासद होते, जनरल बॉडीला पांढरी टोपी घालून जायचे आणि अहवालाची पानं दुमडून प्रश्न लिहून न्यायचे. आणि हे सहकाराचं तत्त्व निघालं तेही इथूनच, रॉचडेलच्या टोड लेनवर १८४४ साली २८ जणांनी दुकान काढलं तिथून. म्हणून रॉचडेल हॉर्नेट्स मधली बरीच वर्षं सहकारी तत्त्वावर सभासदांच्या मालकीचा होता हे मला फार जवळचं वाटतं. पण सोसायटीचा शेअर बाजारात विकता येत नाही, फक्त सोसायटीकडून परत घेता येतो, तोही बोर्ड हो म्हणालं तर, आणि बऱ्याचदा पहिली काही वर्षं नाहीच. बँकेतल्या ठेवीसारखं सरकारी संरक्षणही नाही. तेव्हा बुडाले तरी घर चालेल एवढेच टाका, पोराच्या कॉलेजचे नकोत.

शेवटी सभेला स्वतः जा. मागच्या तीन वर्षांचे अकाउंट्स, टायटल रजिस्टर आणि सोसायटीचे नियम प्रिंट करून न्या, फोनवर तिथे कोणी वाचत नाही. प्रश्न तीनच ठेवा: ग्राऊंड कोणाचं, टॅक्स किती थकलाय, जानेवारीचा पगार कुठून देणार. पुढच्या रांगेत बसा, हात वर करा, उत्तर मिनिट्समधे लिहा म्हणून तिथल्या तिथे सांगा, आणि निघताना बारमागच्या बाईला विचारा की बिअरवाल्याचं बिल वेळेवर जातंय का, तिला सगळं माहीत असतं.