लिप टॅटूचा रंग उडाला? दीड महिना थांबा

ओठांवर टॅटू करून घेतला (म्हणजे सुयांनी ओठांत रंग भरून घेतला) की आठवड्याभरात साल निघते, ओठ फिके पडतात आणि ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून पार्लरला फोन जातो. रंग गेलेला नसतो.

पहिले एक-दोन दिवस ओठ सुजतात आणि रंग हवा त्यापेक्षा बराच गडद दिसतो. मग ओठ कोरडे पडून पातळ साल सुटते, खाली दुधाळ फिकटपणा दिसतो. खरा रंग 4 ते 6 आठवड्यांत वर येतो. टचअप, म्हणजे फिक्या जागी पुन्हा रंग भरणं, त्यानंतरच.

तोवर एवढं सांभाळा:

1. साल नखाने सोलू नका. जिथे ओढाल तिथला रंग निघतो आणि फिका ठिपका राहतो.
2. दिलेलं मलम इअरबडने, अगदी पातळ लावा.
3. इंदुरात अवघड काम हेच: साल निघेपर्यंत जिरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला), कचोरीची चटणी, सराफा बाजारातला गरम गराडू (तळलेला कंद) बंद. पोहे खायचेच तर जिरावन-लिंबाशिवाय, कोमट, लहान चमच्याने, ओठांना न लावता. चहाही कोमटच.

घरात लग्न असेल तर निदान दोन-अडीच महिने आधी करून घ्या.

एक मात्र बघा: ताप आल्यावर किंवा एरवीही ओठांवर पाण्याचे फोड येत असतील, तर टॅटूआधीच डॉक्टरांना विचारा. त्या सुयांनी ते पुन्हा उठू शकतात; आधी गोळ्या घेता येतात. पू, ताप किंवा दिवसागणिक वाढणारी सूज दिसली तर पार्लरला नव्हे, डॉक्टरांना दाखवा.