मायोसायटिस असताना व्यायाम कसा सुरू करावा

मायोसायटिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. मांड्या, खुबे, खांदे आणि मान आधी कमजोर होतात. उकिडवं बसलं की उठवत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाही, बसची पायरी डोंगराएवढी वाटते. घरचे मायेनं म्हणतात, "पडून राहा, सीपीके वाढेल." (सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम.) 1990च्या दशकापर्यंत डॉक्टरही हेच सांगत. नंतर स्वीडनमध्ये आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांत दिसलं की बेतानं वाढवलेल्या व्यायामानं स्नायूंचा दाह वाढत नाही आणि ताकद सुधारते. उलट पडून राहिल्यानं स्नायू झिजतात. या आजारात देतात ते प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच दिवस मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानंही झिजतात.

आधी डॉक्टरांची परवानगी

या आजारात फुप्फुसं आणि हृदयही सापडू शकतात, म्हणून ती तपासणी झाली आहे का ते विचारा. चार पावलांत धाप लागते, छातीत धडधडतं, पाणी पिताना ठसका लागतो किंवा एकच पोटरी सुजली आहे, यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून आधी दवाखाना गाठा. फुप्फुसांचा त्रास असणाऱ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ ठेवावा आणि किती आकड्याखाली थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

सुरुवातीची नोंद

भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. एकदाही जमत नसेल तर बसायच्या जागी वाकळ घडी घालून ठेवा, उंची वाढते. किती घड्या लागल्या तेही लिहा, कारण महिन्याभरानं एक घडी कमी झाली तर तीही प्रगतीच.

रोजचा व्यायाम

आठवड्यातून 5 दिवस, दिवसाला सुमारे 15 मिनिटं, आणि हे 12 आठवडे. खुर्चीवरून उठबस हा मुख्य व्यायाम. बसताना धपकन टेकू नका, पण मुद्दाम फार सावकाशही बसू नका. ताण असताना स्नायू लांबतो तेव्हा त्याला इजा जास्त होते. जिना किंवा उतार उतरल्यावर मांड्या भरून येतात त्या त्यामुळेच. त्यानंतर पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, एकेक पाय सरळ उचलणं आणि उशीवरून डोकं किंचित उचलणं. शेवटी बसून दोन्ही हात डोक्यावर नेणं. प्रत्येकी 5 वेळा पुरे, पुढे 10. श्वास कोंडू नका. श्रम दहापैकी तीन-चार वाटावेत. हे सहज जमू लागलं की हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या, ते साधारण अर्धा किलो होतं.

दुसरा दिवस काय सांगतो

व्यायाम करताना काय वाटलं त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी काय होतं ते महत्त्वाचं. थोडं अंग दुखून ओसरलं तर प्रमाण ठीक. दुखणं दोन दिवसांवर गेलं, किंवा काल जमलेलं आज जमेना, तर दोन-तीन दिवस हलकं घ्या आणि निम्म्यावरून पुन्हा सुरू करा. चूक बहुधा बरं वाटलेल्या दिवशी होते: उत्साहात दुप्पट केलं जातं, मग आठवडा अंथरुणात. कमजोरी आठवडाभर वाढतच गेली तर तो आजाराचा उठाव असू शकतो, डॉक्टरांना कळवा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी जा.

"शेतातलं काम हाच व्यायाम" हे इथं पटत नाही. रोप लावणीत किंवा भांगलणीत तासन्तास वाकून राहावं लागतं. तिथं प्रमाण आपल्या हातात नसतं आणि थकलं तरी ओळ पुरी करावी लागते. असं काम झालंच तर त्या दिवशीचा व्यायाम वगळा.

चालणं

सपाट जागी 10 ते 15 मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगानं. बेळगावात किल्ला तलाव किंवा व्हॅक्सिन डेपोचं मैदान बरं. येळ्ळूरगडाची चढण सध्या नको, उतरण तर नकोच. डर्माटोमायोसायटिस, म्हणजे त्वचेवरही पुरळ येणारा प्रकार असेल तर उन्हानं पुरळ भडकतं, म्हणून ऊन चढण्याआधी निघा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा. खानापूरकडच्या पावसात निसरड्या अंगणापेक्षा सोप्यातल्या फेऱ्या बऱ्या. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ झाली असतील तर एक पडणंही महागात पडतं.

वाढवताना

एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वजन किंवा वेळा. आजार शांत झाल्यावर जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजनही घेता येतं, पण ते फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली.

इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस या प्रकारात मांड्या आणि बोटांची पकड जाते आणि औषधांचा फारसा उपयोग होत नाही. तिथं आहे ती ताकद टिकवणं हेच ध्येय धरा आणि उभ्यानं करायचं ते ओट्याला धरून करा.

सीपीकेची तपासणी ठरली असेल तर आधीचे दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम टाळा. नाहीतर व्यायामानं चढलेला आकडा आजाराचा समजून औषध वाढवलं जाईल.