सोलारिसवर कॅलेंडर उघडत नाहीये? आधी हे बघा

सोलारिस 8 या जुन्या युनिक्स सिस्टिमवर सीडीईचं (तिच्या डेस्कटॉपचं) कॅलेंडर, म्हणजे डीटीसीएम, रिमोट लॉगिन करून चालवताना 'कान्ट ओपन डिस्प्ले' आलं तर लगेच रीइन्स्टॉल करायला धावू नका, डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (विंडो कुठल्या स्क्रीनवर उघडायची ते सांगणारी सेटिंग) तुम्ही ज्याच्यासमोर बसलायत त्या मशीनचं नाव आणि पुढे कोलन शून्य आहे का ते बघा, एसएसएचचं एक्स फॉरवर्डिंग (सुरक्षित लॉगिनमधूनच विंडो तुमच्या स्क्रीनवर आणणं) वापरत असाल तर मात्र या व्हेरिएबलला हात लावू नका, ते आपोआप सेट होतं.

विंडो आली पण अपॉइंटमेंट्स गायब? आरपीसीइन्फो मायनस पी ही कमांड मारा, यादीत 100068 शोधा, तो कॅलेंडरचा डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम. नसेल तर आयनेटडीच्या (असे डीमन सुरू करणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये ती ओळ बहुतेक कुणीतरी सिक्युरिटीसाठी बंद केलेली असणार. आणि प्लीज, काहीही करायच्या आधी व्हार-स्पूल-कॅलेंडरमधली तुमच्या नावाची कॉलॉग फाइल कॉपी करून ठेवा, सगळ्या नोंदी तिच्यातच असतात.