सुरुवातीचा पिचर कधी बदलावा

मराठवाड्यातील शालेय बेसबॉल संघात भरवशाचे पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारे खेळाडू, दोन, फार तर तीन असतात. म्हणून पहिला पिचर चालतो आहे तोवर त्याला बदलायचे नाही, असा आपल्या क्रीडाशिक्षकांचा कल असतो. परंतु धावा निघू लागल्यावर केलेला बदल उशिराच झालेला असतो. निर्णय त्याच्या एक-दोन बॅटर आधी घ्यायचा आहे.

त्यासाठी एका राखीव खेळाडूकडे वही देऊन प्रत्येक चेंडूची नोंद ठेवावी. अमेरिकेतील ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार 15-16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95 पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हात परभणी-नांदेडकडील मैदानांवर मी 70 च्या पुढे मुलाला नेत नाही. एकाच इनिंगमध्ये (दोन्ही संघांच्या बॅटिंगच्या एका फेरीत) त्याचे 30 चेंडू पडले, तर एकूण आकडा लहान असला तरी बदलाची तयारी सुरू करावी.

दुसरी नोंद बॅटिंग क्रमाची. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा त्यांना चेंडूचा वेग आणि वळण ओळखीचे झालेले असते, हे व्यावसायिक बेसबॉलमध्येही दिसून आले आहे.

मात्र खरी खूण कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये असते. मागे एका सामन्यात माझ्या पिचरचा वेग तसाच होता, पण कॅचर गुडघ्याजवळ ग्लोव्ह धरत होता आणि चेंडू छातीशी येत होता. सलग तीन वेळा त्याला ग्लोव्ह वर उचलावा लागला. पिचरचे कोपर खाली आले होते, हे मला दिसत असूनही मी थांबलो, आणि पुढचा चेंडू कुंपणापलीकडच्या बाभळीत गेला. दोन चेंडूंमधला वेळ वाढणे, बॅटरला टाकलेला पहिलाच चेंडू वारंवार स्ट्राइकच्या कक्षेबाहेर जाणे आणि बाद होणारे फटकेसुद्धा जोरकस बसणे, या खुणाही तितक्याच बोलक्या आहेत. ‘थकलास का?’ असे पिचरला विचारू नये, कारण कोणताही मुलगा ‘नाही सर’ असेच म्हणतो, कॅचरला विचारावे. खांदा किंवा कोपर दुखत असल्यास मात्र विचारविनिमय नको, त्याच क्षणी बदल करावा.

केवळ आकड्यावरही विसंबू नये. 2003 मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये बोस्टन संघाने न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये 5-2 अशी आघाडी असताना पिचर पेड्रो मार्टिनेझला ठेवले, त्याचे चेंडू 123 पर्यंत गेले आणि सामना हातचा गेला. उलट 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (तिथल्या अंतिम मालिकेत) टँपा बे संघाने नऊ बॅटरना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलेल्या पिचर ब्लेक स्नेलला 73 चेंडूंवरच काढले आणि तोही सामना गमावला.

बदली पिचरला आधीच गरम करून ठेवावे, कारण एकाच इनिंगमध्ये प्रशिक्षक त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेल्यास त्याला बदलावेच लागते. काढलेल्या पिचरला कॅचर म्हणून उभे करू नये. त्या जागीही हाताला बरेच काम पडते.

स्पर्धा तीन दिवसांची असेल, तर हा हिशेब पहिल्याच सकाळी मांडावा. ‘पिच स्मार्ट’मध्ये 15-16 वर्षांच्या वयात 31 ते 45 चेंडूंनंतर एक दिवसाची आणि 76 पासून पुढे चार दिवसांची विश्रांती सांगितलेली आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी तोच पिचर हवा असल्यास पहिल्या दिवशी, सामना कितीही रंगात असला तरी, 45 व्या चेंडूला त्याच्या हातातून चेंडू घ्यावा.