पंपाच्या मोटरला वायर कितीची आणि एमसीबी कितीचा

कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत खालच्या टाकीच्या ५ एचपी थ्री फेज पंपाचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पंप सुरू करतानाच पडायचा, म्हणून कोणीतरी १० अँपिअरचा काढून सरळ ३२ चा बसवला, वायर तीच दीडची (दीड चौरस मिलिमीटर), आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिलेही (करंट जास्त वेळ जास्त राहिला की मोटर बंद करणारा) सगळ्यात जास्त अँपिअरवर फिरवून ठेवला. पुढे बेअरिंग जाम झालं, मोटर करंट ओढत राहिली आणि काहीच पडलं नाही. मोटर जळली, वायरचं इन्सुलेशन पार वितळलं.

म्हणून हे आधी डोक्यात बसवा, एमसीबी वायर वाचवतो आणि ओव्हरलोड रिले मोटर वाचवतो, एकाचं काम दुसऱ्यावर टाकू नका.

सुरुवात नेमप्लेटपासून करा. त्यावर फुल लोड करंट (मोटर पूर्ण भारावर ओढते तो) लिहिलेला असतो. पुसला गेला असेल तर ४१५ व्होल्टला एचपीमागे साधारण दीड अँपिअर धरा, म्हणजे ५ एचपीला साडेसात. सिंगल फेजचा हिशोब वेगळा, तिथे करंट बराच जास्त असतो.

आता एमसीबी. डीओएल स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट घेते, म्हणजे ४५-५० अँपिअर, तेही दोन-तीन सेकंद. सी कर्व्हचा एमसीबी (कर्व्ह म्हणजे किती पट करंटला लगेच पडायचं तो प्रकार) रेटिंगच्या ५ ते १० पटीत लगेच पडतो, म्हणजे १० चा सी ५० लाच पडू शकतो, आमचा तसाच पडत होता. इथे १६ चा सी घ्या, तरीही पडला तर १६ चाच डी कर्व्ह घ्या (तो १० ते २० पटीला पडतो), पण १६ च्या वर जाऊ नका.

वायरला फुल लोडच्या सव्वापट धरतात, साडेसातचे साडेनऊ. पण वायरने एमसीबीचे १६ सुद्धा आरामात झेलले पाहिजेत ना, म्हणून तांब्याची अडीचची वायर किमान. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच पाईपात दुसऱ्या पंपाच्या वायरी असतील, किंवा मीटर रूमपासून टाकी ५०-६० मीटर लांब असेल, तर चारचीच ओढा. अडीचच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम, चारच्या वायरीचा ४.६१, आणि व्होल्टेज १० टक्के पडलं की मोटरचा टॉर्क १९ टक्के कमी होतो, मग पंप सुरू होतानाच घुटमळतो.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण देणारा) असेल आणि रिले वाइंडिंगच्या वायरीत बसवला असेल तर सेटिंग फुल लोडच्या ०.५८ पट ठेवा. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावाच. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगळे अर्थिंग लागतात, एकावर भागवू नका, टाकीजवळ जमीन कायम ओली असते.

काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच, मेन बंद करून. झालं की त्याच्यासमोर पंप चालवून टाँग टेस्टरने (वायरीला बाहेरून पकडून करंट मोजणारं मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा, नेमप्लेटपेक्षा जास्त किंवा एका फेजला वेगळाच दिसला तर रिलेला हात न लावता आधी बेअरिंग, व्होल्टेज आणि जोड तपासा.